जमिनीखालची टाकी भर पावसात पूर्ण रिकामी करू नका

सोसायटीची टाकी जुलैत धुवायचा विषय निघाला, त्यावर ‘काँक्रीटची टाकी तरंगेल कशी?’ असं वर विचारलंय. तरंगू शकते, हिशेब करून बघा. बाहेरून ४ मीटर लांब, ३ रुंद, २.५ खोल अशी टाकी धरा. वाशीसारख्या खाडीलगतच्या भरावाच्या जमिनीत पावसाळ्यात भूजल बरंच वर येतं. समजा अगदी जमिनीलगत आलं. २.५ मीटर खोलीवर त्याचा दाब दर चौरस मीटरला अडीच टन. तळ १२ चौरस मीटरचा, म्हणजे खालून वर ३० टन! आर्किमिडीजच्या नियमानेही तेच येतं: बाजूला सारलेलं पाणी ३० घनमीटर, त्याचं वजन ३० टन. समोरासमोरच्या भिंतींवरचे दाब एकमेकांना रद्द करतात, तळाचा उरतो.

२० सेंटिमीटर जाड भिंतींच्या अशा टाकीचं स्वतःचं वजन जेमतेम २५ टन. आतलं पाणी उपसलं की तिला धरून ठेवायला बाजूच्या मातीचं घर्षणच काय ते राहतं. तळाचा स्लॅब भिंतींच्या बाहेर काढलेला असेल तर त्यावरची माती मदत करते, पण ते नकाशा बघूनच कळेल.

टाकी मे महिन्यातच धुवून घ्या. जुलैत करावंच लागलं तर एका वेळी एकच कप्पा रिकामा करा, आणि झाकणाभोवतीचे पेव्हर ब्लॉक उचललेले दिसले तर उपसा थांबवून लगेच पाणी परत सोडा.