झऱ्यावरून वाडीपर्यंत पाईपलाईन: मध्ये घळ आणि सडा

सड्यावरचा:
मंडळी, राजापूर तालुक्यातली वाडी, 35 घरं. मे महिन्यात विहिरी आटतात. डोंगरातला झरा वाडीच्या टाकीपेक्षा 45 मीटर उंच, लांबी 1800 मीटर. झऱ्यापासून 500 मीटरवर एक चढ, मग घळ (तळ झऱ्यापेक्षा 90 मीटर खाली), पुढे जांभ्याचा सडा (उघड्या कातळाचं पठार). पंप नको. 63 मिमीचा एचडीपीई (काळा प्लास्टिकचा) पाईप टाकावा का? घळीत दाब कमी करायला मधली टाकी बांधली तर?

पाणाड्या:
आधी मे अखेरीस झरा मोजा. माणशी 55 लिटर धरले, तर घरटी पाच, म्हणजे 175 माणसांना दिवसाला साडेनऊ हजार लिटर लागतात. 20 लिटरची बादली 100 सेकंदांत भरत असेल तर दिवसाला 17 हजार मिळतात, म्हणजे भागलं. पण तेवढं पाणी 63 मध्ये सेकंदाला जेमतेम 8 सेंटीमीटर सरकेल, गाळ बसेल. 40 मिमी पुरे, 45 मीटर उंचीपैकी घर्षणात पाच-सहा मीटरच जातात.
मधली टाकी घळीत नकोच. तिथं दाब सुटला की पाणी घळीपलीकडचा चढ चढणार नाही. खालचा व्हॉल्व्ह बंद केल्यावर घळीच्या तळाशी चौरस सेंटीमीटरला 9 किलोचा दाब येतो, म्हणून तिथं पीएन 12.5 चा (साधारण साडेबारा किलो दाब सोसणारा) पाईप घ्या.

सड्यावरचा:
500 मीटरवरच्या चढाचा माथा झऱ्यापेक्षा फक्त 2 मीटर खाली आहे. गवंड्याच्या लेव्हल नळीनं (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं) मापलंय.

चिरेखाणवाला:
नळीनं मापलंत हे बरं केलंत, मोबाईलवरची उंची इथं कामाची नाही. 40 मिमीत त्या 2 मीटरपैकी माथ्यापर्यंतच एक-दीड मीटर घर्षणात जाईल, म्हणून तेवढा तुकडा 50 मिमीचा करा. माथ्यावर अडकलेली हवा सोडायला एअर व्हॉल्व्ह, घळीच्या तळाशी गाळ काढायला वॉशआऊट व्हॉल्व्ह.
आणखी एक, हे बहुतेक जण विसरतात: पाईप झऱ्यापेक्षा जास्त पाणी ओढू शकतो. मग झऱ्यावरची पाणी साठवायची पेटी रिकामी होऊन हवा आत शिरते आणि धार तुटक येते. टाकीजवळचा व्हॉल्व्ह इतका आवळा, की वरची पेटी कायम थोडी ओसंडत राहील.

पाणाड्या:
घळीत पाईप पात्रात टाकू नका, पावसाळ्यात धोंडे तोडतात. झाडांच्या बुंध्यांवर अडकलेला पालापाचोळा ही पुराची खूण. तिच्या मीटरभर वर, दोन खांबांत वायर रोप ताणून त्यावरून जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाईप न्या.
सड्यावर चर खणायला ब्रेकर (कातळ फोडायचं यंत्र) लागेल, खर्च वाढेल. उघडा ठेवला तर काळा पाईप उन्हात 100 मीटरला अर्धा मीटरपर्यंत लांबतो आणि फेब्रुवारी-मार्चच्या वणव्यात वितळतो. नागमोडी टाका, वर मातीचा थर देऊन चिऱ्याचे तुकडे रचा, दोन्ही बाजूंचं गवत डिसेंबरातच कापा. जमीनमालकांची संमती मात्र पाईप विकत घ्यायच्या आधी लेखी घ्या. सातबाऱ्यावरचे सहहिस्सेदार मुंबईत असतात, त्यालाच सगळ्यात वेळ लागतो.