ग्रँड नैन ही जात, प्रजाती की वाण?

चोपड्याहून:
केळीच्या माहितीपत्रकात «ग्रँड नैन ही प्रजाती» असं छापलेलं आहे. कृषी सेवा केंद्रात तिलाच जात म्हणतात, पिशव्यांवर वाण लिहिलेलं असतं. शाळेच्या पुस्तकात मात्र प्रजाती वरच्या पायरीवर आणि जाती तिच्या खाली. मग ग्रँड नैन नेमकं काय? आणि यावल अभयारण्याच्या बातम्यांत «बिबट्याची प्रजाती» लिहितात, ते चालेल का?

रावेरहून:
भाऊ, ग्रँड नैन हा वाण. ती प्रजाती नाही, आणि जीवशास्त्राच्या अर्थाने जातीही नाही. मराठी पाठ्यपुस्तकांतली उतरंड अशी आहे: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. वनस्पतींत संघाच्या जागी विभाग म्हणतात. म्हणजे इंग्रजीतलं जीनस ती आपली प्रजाती, आणि स्पीशीज ती जाती. वाण त्याच्याही खाली, माणसाने निवडून राखलेला.

केळीची प्रजाती म्युझा. बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन हे तिन्ही कॅव्हेंडिश गटातले वाण, म्युझा अ‍ॅक्युमिनाटा या जातीपासून आलेले. त्यांच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, म्हणून फळात बी धरत नाही आणि लागवड मुनव्यांवर, म्हणजे झाडाच्या बुडाशी फुटणाऱ्या पिलांवर, किंवा ऊतिसंवर्धित रोपांवर चालते. वेलची केळीची गोष्ट वेगळी. ती अ‍ॅक्युमिनाटा आणि बाल्बिसियाना या दोन जातींच्या संकरातून आली. जाती आणि वाण हे शब्द वेगळे ठेवले तरच हा फरक एका वाक्यात सांगता येतो.

शिरपूरहून:
बिबट्याबद्दल. «बिबट्या ही जाती» हे बरोबर. त्याची प्रजाती पँथेरा, आणि तिच्यात पाच जाती आहेत: वाघ, सिंह, बिबट्या, जग्वार, हिमबिबट्या. «बिबट्याची प्रजाती धोक्यात» असं छापलं, तर शब्दशः या पाचही जाती धोक्यात असा अर्थ होतो.

गोंधळाचं एक कारण हिंदी. तिकडे स्पीशीजला सर्रास प्रजाति म्हणतात, आणि भाषांतरातून तो अर्थ मराठीत उतरला. दुसरं कारण जास्त खोल आहे. जात म्हटलं की आपल्याला समाजातली जात आठवते, म्हणून लिहिणारा अवघडतो आणि «प्र» जोडून मोकळा होतो. अवघडलेपण समजतं, पण त्यापायी उतरंडीतली एक अख्खी पायरी पुसली जाते. जन् म्हणजे जन्मणे, त्यावरून जाती. जीनस हा लॅटिन शब्दही त्याच मुळातला. शब्दात मुळात जन्माचं नातं आहे, उच्चनीच नाही.

ओळखायची सोपी खूण: म्युझा अ‍ॅक्युमिनाटा यासारख्या शास्त्रीय जोडनावाचा पहिला शब्द प्रजाती सांगतो, दोन्ही शब्द मिळून जाती होते. स्वीडनच्या लिनियस या निसर्गशास्त्रज्ञाने ही पद्धत वनस्पतींना १७५३ साली आणि प्राण्यांना १७५८ साली सरसकट लावली.

शहाद्याहून:
कपाशीत हा फरक हातात धरून दाखवता येतो. देशी कपाशी म्हणजे गॉसिपियम आर्बोरियम, गुणसूत्रं २६. अमेरिकन म्हणजे गॉसिपियम हिरसुटम, गुणसूत्रं ५२. प्रजाती एक, जाती दोन. थेट संकर केला तर झाड ३९ गुणसूत्रांचं होतं आणि वांझ निघतं. खानदेशातले जुने जरीला, विरनार हे देशी जातीचे वाण. बीटीच्या दोन कंपन्यांच्या पिशव्या शेजारी ठेवल्या तर आतली जाती सहसा एकच, हिरसुटम. बदलतो तो संकरित वाण.

बोलताना मात्र कोणाची जीभ धरू नये. «हाई कोनती जात शे?» असं बांधावर विचारलं तर तिथे जात म्हणजे वाण, आणि सगळ्यांना ते कळतं. लिहिताना वाण लिहावं.

चोपड्याहून:
मग «वेलवर्गीय», «काकडीवर्गीय» यातला वर्ग कोणता?

रावेरहून:
तो उतरंडीतला वर्ग नाही. काकडी, दोडका, भोपळा यांचं नातं कुलाचं आहे, म्हणून «काकडी कुलातली पिकं» हे नेमकं. «वेलवर्गीय» तर नुसती वाढायची पद्धत सांगतं. पानवेलही वेलच, पण काकडीची ती कुणी लागत नाही. फेरपालटात कुलच कामाला येतं. वांगं, बटाटा, टोमॅटो तिघांची प्रजाती सोलॅनम, मिरचीची कॅप्सिकम, पण कुल चौघांचं एकच. जमिनीतल्या जिवाणूमुळे भरताची वांगी मर रोगाने बसली असतील, तर पुढच्या हंगामात तिथे टोमॅटो लावून फेरपालट होत नाही. त्या जिवाणूला घरचंच जेवण मिळतं.

शहाद्याहून:
कीड आणि कीटक हेही असंच. कीड म्हणजे पिकाचं नुकसान करणारा जीव, कीटक म्हणजे सहा पायांचा. लाल कोळी ही कीड आहे, पण त्याला आठ पाय, म्हणून तो कीटक नाही. बरीच कीटकनाशकं त्याच्यावर चालत नाहीत, त्याला कोळीनाशकच लागतं. काही कीटकनाशकांनी कोळी खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी उलट वाढतो. पांढरी माशीही माशी नव्हे. माशीला पंख दोन, हिला चार, आणि हिचं नातं मावा-तुडतुड्यांशी.

बोंडअळी हा शब्दही एकटा अपुरा पडतो. गुलाबी बोंडअळी आणि हिरवी बोंडअळी यांचा गण एक, कुलं वेगळी. कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यात, गुलाबीच्या गंधाची गोळी लावली तर हिरवीचा पतंग येत नाही. गुलाबीसाठी हेक्टरी ५ सापळे लावावेत. सापळ्यात रोज ८ पतंग सलग तीन दिवस आले की फवारणीची वेळ आली.

चोपड्याहून:
केळीवरच्या हरण्या रोगाला «विषाणू मारणारं औषध» मागतात. विषाणू मरतो, असं म्हणावं का?

शिरपूरहून:
जिवाणू मरतो, विषाणू निष्क्रिय होतो. विषाणूला पेशी नाही, चयापचय नाही, श्वसन नाही. दुसऱ्याच्या जिवंत पेशीत शिरला तरच त्याच्या प्रती निघतात. व्हिटेकर या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६९ साली मोनेरा, प्रोटिस्टा, कवके, वनस्पती, प्राणी अशा पाच सृष्टी मांडल्या, त्यांत विषाणूला जागाच नाही. केळीवरचा करपा कवकाचा, म्हणून त्याला बुरशीनाशक चालतं. हरण्या विषाणूचा. लागण झालेलं झाड कोणत्याही फवाऱ्याने बरं होत नाही. ते मुळासकट काढून नष्ट करावं, मावा आवरावा, आणि केळीत काकडी कुलातलं आंतरपीक घेऊ नये, कारण हा विषाणू त्यातही राहतो.

चोपड्याहून:
पण कोठीतलं बियाणंही हलत नाही, वाढत नाही. ते निर्जीव का?

रावेरहून:
नाही, ते सजीव आहे, सुप्तावस्थेत. त्याचं श्वसन मंद चालू असतं. श्वसन पेशीत घडतं, श्वासोच्छ्वास म्हणजे हवा आत-बाहेर करणं. बियाण्याला पहिलं आहे, दुसरं नाही. ओलं बी पोत्यात भरलं की श्वसन वाढतं, पोतं आतून तापतं आणि बी मरतं. मेलेल्या बियाला निर्जीव म्हणू नये, मृत म्हणावं. निर्जीव म्हणजे दगड, ज्यात जीव कधी नव्हताच. जिवंत किती ते गोणपाटात कळतं: सरसकट उचललेले १०० दाणे ओल्या गोणपाटावर ओळीने मांडून गुंडाळी करावी, सावलीत ठेवून ओल टिकवावी, आठ दिवसांनी मूळ आणि कोंब दोन्ही धड असलेलेच मोजावेत. हरभऱ्याचे ८५ आणि सोयाबीनचे ७० भरले पाहिजेत. नुसतं मूळ फुटलेला दाणा जिवंत आहे, पण उगवणीत धरू नये.

शिरपूरहून:
माहितीपत्रकातली ओळ मग अशी करता येईल: «ग्रँड नैन हा केळीचा कॅव्हेंडिश गटातला वाण. प्रजाती म्युझा, कुल म्युझेसी.»