ग्रुपवर "राजकीय पोस्ट नको" म्हणजे नक्की काय नको?

सिंहगडरोडकर: आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी आणि चेअरमन काका अॅडमिन. नियम एकच, राजकीय पोस्ट नको. परवा एकाने रिकाम्या टाकीचा फोटो टाकला, खाली लिहिलं "टँकर किती दिवस घ्यायचे, आमदारांना गाठा", काकांनी लगेच उडवला. दुसऱ्या दिवशी त्याच आमदारांच्या वाढदिवसाचं बॅनर आलं, हार-बिर घातलेलं, ते अजून आहे आणि त्याला काकांचेच जोडलेले हात. टाकीवाला आता आम्हाला पक्षपाती म्हणतोय. काय करू?

डेक्कनचा_दुपारवाला: ओन्ली अॅडमिन करून टाका. शांतता.

मिसळप्रेमी: शांतता कसली, मग लिफ्ट बंद पडली तर सांगायचं कुठे?

पेठेतली_काकू: अॅडमिनपद सोड बाई, उद्या कोणी काहीबाही टाकलं तर पोलीस तुझ्याच दारात.

वकिलीत_मुरलेला: काकू, तेवढं घाबरू नका. २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलंय की मेंबरच्या पोस्टसाठी नुसता अॅडमिन आहे म्हणून कोणी दोषी ठरत नाही, त्यात त्याचा आधीपासून हात असेल तर गोष्ट वेगळी.
मूळ घोळ "राजकीय" या शब्दाचा आहे, नळाला पाणी न येणं राजकीय की वाढदिवस राजकीय हे जो तो आपल्या सोयीने ठरवणार. विषय धरू नका, पोस्ट काय करायला सांगतेय ते बघा. पाणी, लिफ्ट, पार्किंगचं काम असेल तर राहू दे, त्यात आमदाराचं नाव आलं तरी. मत मागणं किंवा नेत्याची आरती असेल तर काढा. आणि काढताना टाकणाऱ्याचं नाव झाकून विचार करा, समोरच्या पक्षाचं बॅनर असतं तर ठेवलं असतं का?

मिसळप्रेमी: "पाणी हवं तर यांनाच निवडून द्या" असं आलं तर?

वकिलीत_मुरलेला: मत मागितलं ना, गेलं. फक्त काढल्यावर दोन ओळीत कारण लिहा, कोणत्या अॅडमिनने डिलीट केलं ते सगळ्यांना दिसतंच, कारण तेवढं दिसत नाही, मग लोक कट्ट्यावर स्वतःच कारणं लावतात.

सिंहगडरोडकर: पटलं, काकांना वाचून दाखवलं. म्हणाले टाकीचा फोटो परत टाकायला सांगतो, बॅनरचं मात्र तू बघ. एक सांगायचं राहिलं, बॅनर टाकणारे माझे सासरे आहेत. नाव झाकून विचार केला, काढायलाच हवं. पण जेवायला समोरच बसतात हो.