घरच्या डीव्हीडीवर मराठी सबटायटल्स टाकायची आहेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, गावभागातला. २००७ साली आजीला जात्यावरच्या ओव्या म्हणायला लावून हँडीकॅमवर शूटिंग केलं होतं, त्याची डीव्हीडी आहे. आजी आता नाही. वडिलांना हल्ली जवळजवळ ऐकूच येत नाही. स्क्रीनवर तिचे ओठ हलताना बघतात आणि मला विचारतात, "आई काय म्हणतीया रं?"

म्हणून एकेक ओवी ऐकून एसआरटी फाइल (ओळी आणि त्यांच्या वेळा असलेली साधी मजकूर फाइल) केली. पण डीव्हीडीत सबटायटल मजकूर म्हणून जात नाही, चित्र म्हणून जातं, तेही चारच रंगांत. डीव्हीडीस्टायलर या डीव्हीडी बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये डिस्क नव्याने बनवली, तर वेलांटी अक्षराच्या मागे जाते, जोडाक्षरं फुटतात. 'कृष्णामाई'तला ष् सुटा दिसतो, खाली पाय मोडलेला. फाइल यूटीएफ-८ मध्येच (देवनागरी चालणाऱ्या युनिकोड एन्कोडिंगमध्ये) आहे. क्लोज्ड कॅप्शन, म्हणजे मजकूर म्हणूनच जाणारी सबटायटल्स, हा एनटीएससी या अमेरिकेतल्या टीव्ही पद्धतीचा प्रकार, आपली डिस्क पॅल या भारतातल्या पद्धतीची, त्यामुळे तो नाद सोडला.

कुणी देवनागरी नीट उमटवली आहे का? सबटायटल एडिट या सॉफ्टवेअरमधून ओळींची चित्रं काढून ती डिस्कमध्ये कशी घालायची? अक्षरं व्हिडिओवर कायमची छापायची नाहीत. जात्यावरचा तिचा हात झाकला जातो. वडिलांना दिवाळीआधी दाखवायचं आहे.