अभ्यासिकेतले दिवे रात्रभर चालू राहतात, सेन्सर बसवून फसलो. काय करावं?

वायरिंगमधल्या जाणकारांची मदत हवी आहे.

सांगलीत विश्रामबागेत आमच्या मंडळाची दुमजली इमारत आहे. खाली वाचनालय, वर स्पर्धा परीक्षेच्या पोरांची अभ्यासिका. दाराला नाइट लॅच आहे, ओढलं की बंद. सकाळी सहाला मी फिरायला निघतो तेव्हा वरच्या खिडक्या लखलखत असतात आणि आत चिटपाखरू नसतं. पोरांना विचारलं की प्रत्येकाचं एकच, "काका, मी निघालो तेव्हा मागे अजून दोघं होते." ते मागचे दोघं मला आजवर सापडलेले नाहीत.

४० वॅटच्या जुन्या २४ ट्यूब आहेत, तांब्याच्या चोकवाल्या. चोक धरून एकेक ५० वॅटच्या आसपास खाते. म्हणजे तासाला १.२ युनिट, रात्रीच्या आठ तासांत साडेनऊच्या वर. पंखे वेगळेच. २० वॅटच्या एलईडी पट्ट्या लावणार आहोत, पण रिकाम्या खोलीत त्या तरी का जळाव्यात?

दोन महिन्यांपूर्वी पीआयआर सेन्सर लावले, माणसाची हालचाल दिसली की दिवा लावणारे. जिन्यात आणि संडासात झकास चालतात. अभ्यासिकेत मात्र फजिती. पुस्तकात डोकं घालून बसलेलं पोरगं त्याला दिसतच नाही. पाच मिनिटांत अंधार, की सगळे एसटीला हात करावा तसे हात हलवतात. आठवड्याभरात कुणीतरी सेन्सर बायपास करून टाकला. (आयटीआयवालाच असणार. काम इतकं सफाईदार की रागावताही येईना.)

मेन एमसीबी पाडावा तर कॅमेरे त्याच लाइनवर. बैठकीत एकानं मोहित्यांच्या वडगावाचं उदाहरण दिलं. तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजला की घराघरांतले टीव्ही-मोबाइल बंद होतात, तसा आपणही दहाला वाजवू. पण शेवटचं पोरगं साडेनऊलाच गेलं असेल तर भोंगा ऐकणार कोण? टायमरही नको, परीक्षेच्या तोंडावर पोरं बारापर्यंत बसतात.

मायक्रोवेव्ह सेन्सरला बारीक हालचालही कळते म्हणतात. तो लावू का? पॅसेजकडची भिंत काचेची आहे.

मिरजेचा वायरमन: काका, काच असेल तर नको. मायक्रोवेव्ह काचेपलीकडचंही धरतो, पॅसेजमधून कुणी गेलं तरी आत दिवे चालूच राहतील. आहे त्याच सेन्सरचं काम बदला. पेटवायचं हाताने, विझवायचं त्याने. दाराशी पुश बटन द्या, दाबलं की कॉन्टॅक्टर, म्हणजे जास्त लोडचा विजेवर चालणारा स्विच, धरेल आणि दिवे लागतील. ठरलेला वेळ खोलीत हालचाल नसली की सुटेल. सेन्सरवरचा वेळेचा स्क्रू शेवटपर्यंत फिरवा, वीस मिनिटं मिळत नसतील तर जास्त वेळेचा घ्या. आणि २४ ट्यूब थेट सेन्सरवर टाकू नका, आतला रिले, म्हणजे छोटा स्विच, चिकटला तर दिवे विझायचेच नाहीत. कॅमेऱ्यांना वेगळा एमसीबी काढा. सेन्सर सध्या कुठे आहे?

धागाकर्ता: दारावर. मागची तीन टेबलं कपाटांआड जातात.

मिरजेचा वायरमन: मग त्या पोरांना तो कसा बघणार! छताला, टेबलांच्या डोक्यावर दोन-तीन लावा, समांतर जोडून. कुठल्याही एकाला माणूस दिसला तरी दिवे राहतील.

धागाकर्ता: रविवारी माणूस बोलावलाय. कॉन्टॅक्टर खटकन वाजतो ना? अभ्यासिकेत चालेल?

मिरजेचा वायरमन: पेटी पॅसेजमध्ये ठेवा. आणि कुलूप लावा, तो आयटीआयवाला आहे अजून.