खोबरेल तेल नको, आधी नीट धुवा

गाडीचा काळा प्लास्टिकचा बंपर पांढरट पडलाय, म्हणून त्यावर कुणीतरी खोबरेल तेल चोळायला सुचवलंय. मी ते करून बसलोय. आमच्या सोलापुरात सात रस्ता चौकातून होटगी रोडला पोचेस्तोवर धुळीचा असा थर बसला, की बोटानं नाव लिहावं! चकचकीत सिलिकॉनवाल्या पॉलिशच्या डबीचंही तसंच, दोन धुण्यांत उतरतं.

आपल्याकडे मे महिन्यात पारा 40 च्या वर, गाडी दिवसभर उन्हात. अतिनील किरणांनी प्लास्टिकचा वरचा थरच खराब होतो, नुसतं चोपडून काय होणार? सिरॅमिक किंवा पॉलिमरचं ट्रिम कोटिंग, म्हणजे बाहेरच्या काळ्या प्लास्टिकवर लावायचा संरक्षक थर, घ्या. महाग आहे, पण काही महिने टिकतं.

खरं काम धुण्यात. भांड्यांचा लिक्विड साबण आणि जुना टूथब्रश घेऊन खरखरीत दाण्यांत अडकलेलं पॉलिशचं मेण काढा. वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. मग सकाळी सावलीत, प्लास्टिक गार असताना कोटिंगचा पातळ हात द्या आणि डबीवर लिहिलेल्या वेळेत जास्तीचं पुसून घ्या. मी चहा घ्यायला गेलो, तर चाकाच्या कमानीवर पट्टे उठले. अजून आहेत. पुसायला मायक्रोफायबरच; सोलापुरी टॉवेल कितीही लाडका असला तरी त्याचे धागे चिकटतात.

हीट गननं (गरम हवा फेकणाऱ्या यंत्रानं) प्लास्टिक काळं करायच्या व्हिडिओंवर हुरळू नका. काळेपणा येतो, पण टिकत नाही, आणि हात जरा रेंगाळला की क्लॅडिंग (बाहेरचं काळं प्लास्टिक) वाकडं.