कोपरे आणि तडा, दोन वेगळे घोटाळे

एकीने विचारलंय की भट्टीत काचेचे तुकडे वितळवून जोडलेल्या टाइलचे कोपरे आत ओढले गेले आणि दोन दिवसांनी आपोआप तडा गेला, असं का? कारणं वेगवेगळी आहेत.

३ मिमीचा एकच थर पूर्ण वितळवला की काच ६ मिमी जाडी गाठायला बघते आणि त्यासाठी कडा आत घेते. खाली पारदर्शक ३ मिमी, वर रंगीत ३ मिमी, असे दोन थर लावा.

तडा मात्र खिडकीच्या काचेवर ९० सीओईचे (सीओई म्हणजे काच तापल्यावर किती प्रसरण पावते त्याचा आकडा) तुकडे लावल्याचा. दोघींचं आकुंचन वेगळं, फुटणारच! सगळी काच एकाच सीओईची हवी. ८०० अंश सेल्सिअसला वितळवल्यानंतर ४८२ वर तासभर थांबा, मग तासाला ८० अंशांनी ३७० पर्यंत उतरवा. भट्टी पूर्ण गार होईतो झाकण उघडायचं नाही.

नक्षी सारखी यायला ग्राफ पेपरवर फक्त एक-अष्टमांश भाग काढा. चार तुकडे साचा सरळ ठेवून, चार उलटा करून कापा. गंधक असलेल्या पिवळ्या काचेशेजारी तांबं असलेली फिरोजी काच ठेवलीत तर मध्ये तपकिरी रेघ उमटते (कधीकधी ती छानच दिसते म्हणा).

आणि मुंबईच्या पावसाळ्यात भट्टीच्या शेल्फवरचा किल्न वॉश (काच शेल्फला चिकटू नये म्हणून लावायचा लेप) भट्टीतच २६० अंशांवर वाळवून घ्या, नाहीतर खालून बुडबुडे.